बोटीचे आठ दगड

सोमवारी सकाळी साडेसातला भैयाजी खोब्रागडे तलावाच्या पाळीवर पोचले, तेव्हा बोट जागेवर नव्हती. खुंटाला बांधलेला दोर मात्र होता. तो सरळ पाण्यात गेला होता. शेजारी म्हातारा सोमाजी ढिवर जाळं दुरुस्त करत बसला होता.

"सोमाजीभाऊ, बोट कुठी आहे?"

"पान्यात."

"पण दिसत तर नाई."

"खाली आहे न जी. काल सांजेले बुडवली."

भैयाजींनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजता चंद्रपूरहून मोठे साहेब बोट पाहायला येणार होते.

मूल गावाजवळच्या या तलावावर पाटबंधारे खात्याचं एक गोदाम होतं. १९६४ साली भैयाजी तिथे भांडारपाल झाले आणि त्या खुर्चीवरची त्यांची पहिली सही या बोटीच्या पोचपावतीवर झाली. पुरातली माणसं काढायला आलेली, काचेच्या धाग्यांपासून केलेल्या फायबरची पांढरीशुभ्र मोटारबोट. तिनं काही पूर पाहिले, मग एका खडकानं तिचं पोट फाडलं आणि ती गोदामामागे पालथी पडली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या.

बावीस वर्षांनी, निवृत्तीला सहा महिने उरले असताना, तीच बोट भंगारात काढायचा कागद सहीसाठी समोर आला. आपल्या नोकरीचा शेवट या सहीनं व्हावा, हे भैयाजींना कसंसंच वाटलं. पण त्यांनी आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं, कागदालाही म्हणवेना. त्यांनी खाली एवढंच लिहिलं, 'दुरुस्त होण्यासारखी वाटते.' 'आहे' लिहायचा धीर झाला नाही. साहेबांनी शेरा मारला, 'पावसाळ्याआधी तरंगली तर ठेवू.'

भैयाजींनी नागपूरहून बोटदुरुस्तीचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं आणि बुद्धविहाराच्या वाचनालयातून शब्दकोश आणला. पहिल्या खेपेला ठिगळाच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं आणि घरच्या स्टीलच्या वाटीत चमचा उभाच्या उभा गोठला.

"आता फोडणी कायच्यात करू?" त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, विचारलं. "तुमच्या बोटीत?"

दुसऱ्या खेपेला हार्डनर कमी पडलं. ठिगळ आठ दिवस ओलंच राहिलं आणि त्याला कोंबड्यांची पिसं चिकटली. तिसऱ्या खेपेला जमलं. चार महिने घासपेपर फिरवून भैयाजींनी ते ठिगळ असं गुळगुळीत केलं, की त्यावरून हात फिरवताना त्यांना स्वतःविषयी थोडं बरं वाटायचं. एवढं त्यांना क्वचितच वाटायचं.

आणि आता ते ठिगळ तलावाच्या तळाशी होतं. इंजिन तेवढं गोदामात ठेवलेलं, म्हणून वाचलं.

"कोणाले विचारून बुडवली, सोमाजीभाऊ?"

"तुमालेच. शनिवारी नावेवर नंबर रंगवून राह्यले होते तवा. मी म्हनलो, नावेले पानी पाजाले लागते, पाजू काय? तुमी म्हनलं, हो."

भैयाजींना आठवलं. सोमाजी काहीतरी सांगत होता. नंबरातला पाचाचा आकडा नेमका वाकडा जात होता. नीट ऐकून घेण्यापेक्षा 'हो' म्हणणं सोपं होतं.

"उन्हाळ्यात डोंगा वाळते, फटी पडते," सोमाजी समजुतीनं सांगू लागला. "आठ गोटे भरून बुडवाचा. लाकूड पानी पेते, फुगते, फटी मिटते. तीन दिस ठेवाले पाह्यजे, पन साहेब येऊन राह्यले म्हनून म्या एकच रात ठेवली."

"अहो, पण ही लाकडाची नाई!"

"मंग कायची आहे?"

"काचेची."

सोमाजीनं जाळं बाजूला ठेवलं. "काचेची? आन् तिच्यात साहेबाले बसवून राह्यले तुमी?"

चार ढिवर पाण्यात उतरले. बुड्या मारून त्यांनी एकेक दगड काढला. बोट काठोकाठ भरलेली वर आली, तशीच ओढून त्यांनी तिला पाळीवर घेतली. भैयाजी बादली घेऊन पाणी उपसायला धावले. सोमाजीनं त्यांचा हात धरला.

"थांबा, बाबूजी. हे पाहा."

बोटीच्या बाहेरच्या अंगानं, अगदी त्या गुळगुळीत ठिगळाच्या कडेतून, पाण्याची बारीक धार लागली होती.

"आतलं पानी बाहेर येते, तं बाहेरचं आत बी जाईन," सोमाजी म्हणाला.

भैयाजींचे कान गरम झाले. कोरड्या बोटीवर ती भेग कधीच दिसली नव्हती. साहेबांना घेऊन ते मधोमध गेले असते, तेव्हा दिसली असती. पुस्तकाप्रमाणे आता दोन दिवस बोट वाळवायला हवी होती. हातात तीन तासही नव्हते.

सोमाजी घरी जाऊन राळ, जवसाचं तेल आणि कापूस घेऊन आला. बोट उपसून झाल्यावर त्यानं भेगेजवळ विस्तव धरून जागा वाळवली, तेलात राळ वितळवली आणि कापूस त्यात भिजवून भेगेत ठासला. पांढऱ्या बोटीवर एक काळं टेंगूळ उभं राहिलं.

"दिसाले बुरं आहे," तो म्हणाला. "पन धरते."

साहेब आले. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. बोट पलीकडच्या काठाला जाऊन परत आली. साहेबांनी तळाला हात लावून पाहिला. कोरडा.

"खोब्रागडे, गळती तपासलीत कशी?"

पुस्तकातली एक मोठी ओळ भैयाजींच्या ओठांवर आली आणि परत गेली.

"सर, रात्रभर बुडवून ठेवली होती." मग त्यांना राहवेना. "म्हणजे मी नाही, सर. या सोमाजीभाऊंनी. आठ दगड घालून."

साहेबांनी डायरी काढली आणि लिहून घेतलं.

जूनच्या तीस तारखेला, भैयाजींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, आदेश आला. यापुढे विभागातली प्रत्येक बोट पावसाळ्यापूर्वी एक रात्र आठ दगड घालून बुडवावी. दगड बोटीसोबत गोदामात जमा ठेवावेत.

सोमाजीनं बैलबंडीतून दगड आणून टाकले. भैयाजींनी 'दगड, नग आठ' असं लिहून सही केली. पहिली सही बोटीची, शेवटची तिच्या दगडांची. भंगाराची तर नव्हती.

सोमाजी दारातच घुटमळला.

"एक सांगू काय, बाबूजी? मी नीट पाह्यलं. थे नाव पानी पेतच नाई. रातभर बुडवून सूतभर फुगली नाई. आता दरसाल सगळ्याच नावा बुडवाच्या?"

"तसा हुकूम आहे."

"मंग साहेबाले सांगा न, नाई म्हनून. आज तुमचा शेवटचा दिस आहे. कोन काय करते तुमाले?"

भैयाजींनी पेनाला टोपण लावलं.

"हो," ते म्हणाले.