निमिषचा सहावा दिवस

बँकेचा माणूस घरी चौकशीला आला त्या दिवशी निमिष बेकार होता.

एरवी तो बेकार नसे. पीएचडी झाल्यापासून विद्यापीठाच्या एका प्रकल्पात तो रोज गंगेच्या पाण्याची मोजमापं घेई आणि त्याचा त्याला पगार मिळे. फक्त करार अकरा महिन्यांचा असे. अकरा महिने संपले की मधे एक दिवस सोडायचा, मग नवा करार. त्या एका दिवशी त्याचं कार्ड दाराला चालत नसे आणि त्याने नदीत बाटली बुडवली तर ती सरकारी बाटली नसे. सुमारे दोन हजार दिवसांत असे सहा दिवस आले होते, म्हणजे हजारात तीन. त्यातलाच एक बँकेने गाठावा, ही शक्यता निमिषने तोंडी काढली आणि ती त्याला आवडली नाही.

"गल्लीच्या तोंडाशी आलाय," त्याची बायको मालविका फोन ठेवत म्हणाली. "तू ऑफिसात का नाहीस म्हणून विचारलं तर सांग, सुट्टीवर आहे."

"सुट्टी घ्यायला नोकरी लागते. आज मला नोकरी नाही."

"मग तबियत ठीक नाही म्हण."

आजारी पडायला नोकरी लागत नाही, हे निमिषला मान्य होतं. "पण मी आजारी नाहीये."

"पड," मालविका म्हणाली, आणि ऐन मे महिन्यात तिने त्याच्या अंगावर शाल टाकली.

तिची घाई उगाच नव्हती. मुन्शी घाटाजवळच्या ज्या दोन खोल्यांत ते भाड्याने राहत होते, तिथे मालकाला गेस्ट हाउस काढायचं होतं. दिवाळीपर्यंत जागा सोडा, असं तो गोड आवाजात चार वेळा सांगून गेला होता. चितईपूरला एक फ्लॅट बघून ठेवला होता, बयाणा दिला होता. महिनाअखेरपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार होता.

चौकशीला आलेल्या माणसाचं नाव अवधेश मिश्र. हेल्मेट मांडीवर ठेवून तो खुर्चीत बसला, पाणी प्याला आणि शालीकडे बघू लागला.

"इनको क्या हुआ?"

"बुखार," मालविका म्हणाली.

"अच्छा. ऑफिस में एक फोन कर लेते हैं, बस रूटीन है." त्याने फॉर्मवरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडून प्रकल्पाच्या कारकुनाने नाव पुन्हा विचारून घेतलं, रजिस्टर चाळल्याचा आवाज आला, आणि मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आज इस नाम का कोई आदमी हमारे यहाँ काम नहीं करता. कल सुबह दस बजे से करेगा."

अवधेशने फोन बंद केला. बारा वर्षांच्या चौकशीत त्याला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

"भाईसाहब, आप बीमार हैं कि बेरोजगार?"

चुकीची नोंद समोर होत असताना गप्प पडून राहणं निमिषला जमण्यासारखं नव्हतं. तो शाल बाजूला करून उठून बसला. "बेरोजगार. सिर्फ आज. बीमार नहीं हूँ."

मालविकाने डोळे मिटले.

तेवढ्यात जिन्यावर ओल्या धोतराचा सपसप आवाज झाला आणि निमिषचे वडील, दत्तात्रेयशास्त्री, आत आले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात नमुन्याच्या चार बाटल्या, आणि गळ्यात रुद्राक्षाच्या माळेशेजारी दोरीने बांधलेला थर्मामीटर.

"एकोणतीस पॉइंट चार," ते म्हणाले. "तीनदा बघितलं. आज गर्दी होती, एक म्हैसही होती. ते लिहायचं का?"

"बाबा, नंतर," निमिष म्हणाला.

पण अवधेश बाटल्यांकडे बघत होता. "पंडितजी, ये तो इनका काम है न?"

"हाँ. आज इसको मना है, तो हमने कर दिया."

दत्तात्रेयशास्त्रींना यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. पूजेला स्वतःला जाता आलं नाही तर घरातल्या दुसऱ्याला पाठवायचं, यजमानाला खोळंबून ठेवायचं नाही, अशी त्यांच्या घराची पद्धत. मुलाचं मोजमाप एक दिवसही चुकता कामा नये, आणि ते स्वतः तर रोज पहाटे अमृतराव घाटावर कमरेइतक्या पाण्यात उभे असतात. मग नदी का खोळंबावी?

"मतलब नौकरी आप करते हैं," अवधेश लिहिता लिहिता म्हणाला.

"ग्यारह महीने में एक दिन."

"तनख्वाह?"

"नहाने की कौन तनख्वाह देता है?"

अवधेशने पान उलटलं. बहुधा सवयीनेच त्याने पुढचा रकाना विचारायला घेतला. "और आप खुद क्या करते हैं?"

"पूजा-पाठ."

"कब से?"

"इकतालीस साल."

"बीच में कोई गैप?"

"सूतक के दिन छोड़कर, नहीं."

"आमदनी का कोई कागज तो होगा नहीं?"

यावर मालविकाने डोळे उघडले. गेली तीन वर्षं ती सासऱ्यांचं आयकर विवरण भरत होती. नागपूरचे, इंदूरचे, एक सिएटलचे यजमानसुद्धा दक्षिणा फोनवरूनच पाठवत, आणि खात्यात आलेलं दाखवायला हवं असं तिचं म्हणणं. सासरे त्यावर कुरकुरत, "दक्षिणेचं विवरण आमच्या सात पिढ्यांत कुणी भरलं नाही." तिने फाइल आणून अवधेशच्या हेल्मेटवर ठेवली. त्याने ती वाचली, आणि मग शास्त्रींकडे बघून खुर्चीत जरा सावरून बसला.

पुढच्या सोमवारी तिघांना बँकेत बोलावणं आलं. मॅनेजर नीलकंठ तिवारी निमिषशी फार मायेने बोलले. असं बोलणं म्हणजे नकार, हे निमिष तीन बँकांच्या अनुभवावरून सांगू शकत होता.

"डॉक्टर साहब, आप पर तो नहीं हो पाएगा. लेकिन पंडितजी मुख्य आवेदक हो जाएँ और आप साथ में, तो दिक्कत नहीं है." मग ते शास्त्रींकडे वळले. "बस एक बात पूछनी पड़ती है. आपका काम बंद होने का कोई खतरा?"

दत्तात्रेयशास्त्रींनी प्रश्न गंभीरपणे घेतला. "लोग मरना छोड़ दें तो."

तिवारींनी कॉम्प्युटरवर एक शब्द टाइप केला. निमिषने मान वाकडी करून वाचला. उत्पन्नाचं स्वरूप: स्थिर.

सह्या शुक्रवारी अकराला ठरल्या. ते ऐकून दत्तात्रेयशास्त्रींचा चेहरा उतरला. "शुक्रवारी अकराला अकोल्याचे यजमान आहेत. अहिल्याबाई घाटावर, गंगापूजन. सहा महिन्यांपासून ठरलंय."

"बाबा, त्यांना दुपारची वेळ द्या ना," मालविका म्हणाली.

"यजमान खोळंबत नाही." ते मुलाकडे बघू लागले.

"मी?" निमिष म्हणाला. "मीही सही करायची आहे."

"तुझी दुपारी घेतील, मी विचारतो. मुख्य आवेदक मी आहे. पूजा येते ना तुला? मुंज करून दोन वर्षं घासून घेतलीये."

शुक्रवारी निमिषने रजा टाकली. आता नोकरी होती, त्यामुळे टाकता आली. वडिलांचं सोवळं नेसून तो घाटावर बसला आणि पूजा त्याने एकही पायरी न गाळता केली. संकल्पात तिथी, वार, नक्षत्र बिनचूक सांगितलं. आचमनाला पळीत पाणी किती घ्यायचं असं यजमानांनी विचारलं तेव्हा तो "पाच मिलिलिटर" म्हणाला, आणि त्यांनी आदराने तेवढंच घेतलं. पुष्पांजलीच्या सुमारास मालविकाने पाठवलेला फोटो आला: बँकेत वडील सही करताहेत, शेजारी तिवारी वाकून त्यांच्या पाया पडताहेत.

यजमानीणबाईंनी नारळ आणि दक्षिणा हातात ठेवली, नमस्कार केला.

"फार नीट सांगितलंत हो, गुरुजी. पुढच्या वर्षीही तुम्हीच असाल ना?"

निमिषने नारळ दोन्ही हातांत धरला. कामावर लागल्यापासून हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"असेन," तो म्हणाला, आणि घाईघाईने पुढे म्हणाला, "तारीख आजच लिहून घेऊ का?"