नीळकंठरावांनी ओळखलेली बंदूक

खोटी बंदूक दिसली की नीळकंठरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारखान्याच्या सुरक्षा विभागात ते कारकून. शस्त्रागारातल्या बंदुका पुसून घेणं हे त्यांचं काम. (स्वतः एकदाच झाडली होती. पाण्याची टाकी फुटली.) आता शस्त्रागाराच्या प्रमुखाची जागा रिकामी होती आणि ती त्यांना हवी होती. म्हणून थंडीतल्या एका रविवारी त्यांनी भालचंद्रसाहेबांना क्वार्टरवर पोहे-जिलेबीला बोलावलं.

साहेब येताना सीडी घेऊन आले. "आपल्या बंद शेडमध्ये शूटिंग झालेला तो अंतराळाचा सिनेमा. बघू तरी, बंदुका कसल्या वापरल्यात!"

नीळकंठराव घाईघाईनं आणखी पोहे वाढू लागले. त्या सिनेमात एका सैनिकाचं काम त्यांनीच केलं होतं, तेही मलेरियाची रजा टाकून! पण सगळ्या सैनिकांच्या तोंडावर काळी काच होती. कोण ओळखतंय, असं त्यांनी मनाला बजावलं आणि पहिली बंदूक दिसताच सगळं विसरून ओरडले, "म्हणे लेझर गन! साहेब, ही सरळसरळ स्टेनगन आहे. वर टॉर्च चिकटवलाय नालायकांनी!"

"आणि ती?"

"थ्री नॉट थ्री! दस्त्याला चंदेरी कागद गुंडाळलाय. लोकांना काय गाढव समजतात?"

साहेब खूश झाले. "नीळकंठ, जागा तुमचीच समजा."

तेवढ्यात परग्रहाच्या राजानं आपली बंदूक काढली. जाडजूड नळी, दोन बाजूंना मुठी, तोंडाशी चांदणीच्या आकाराचं भोक.

"बेल्जियन," नीळकंठराव म्हणाले.

"अरे यार, जर्मन आहे."

"साहेब, बेल्जियन!"

"जर्मन! मी काय इथे झक मारायला साहेब झालोय?"

जिलेबी घेऊन आलेल्या शशिकलाबाई दारातच थांबल्या. "अहो, तो माझा सोऱ्या आहे! चकल्यांचा!"

"तू आत जा. इथे शस्त्रांचं चाललंय!"

आत कसल्या जातायत? त्यांनी रिमोट हिसकावून चित्र थांबवलं. चंदेरी रंगाखाली लग्नात घातलेलं नाव स्वच्छ दिसत होतं: 'चि. सौ. कां. शशिकला हिस, लीलावतीमावशीकडून सप्रेम.'

"तुमच्या बहिणीनं नेला असं समजून वर्षभर सिंधूवन्संशी बोलले नाही मी! माळ्यावरचं भांड्यांचं पोतं न बघता या लोकांना कोणी दिलं?" संतापून त्यांनी रिमोट आपटला आणि सिनेमा पुढे सुरू झाला. सोऱ्यातून हिरवा उजेड निघाला. एक सैनिक कंबर धरून कोसळला, त्याची पँट वर सरकली आणि लाल-पोपटी पट्ट्यांचे लोकरी मोजे पडदाभर झाले.

"आणि हे मोजेसुद्धा मीच विणलेत!"

साहेबांनी बशी खाली ठेवली. पडद्यावरचे मोजे पाहिले, मग नीळकंठरावांच्या पायांतले पाहिले. साहेबांचे कान लाल झाले.

"तुम्हाला मलेरिया झाला होता ना?"

"थंडी वाजत होती, साहेब. म्हणून तर मोजे घातले होते!"

जागा शेजारच्या टेबलावरच्या गोपीनाथला मिळाली. (त्याला पिचकारी आणि पिस्तूल यांतला फरक कळत नाही.) नीळकंठरावांची बदली कँटीनच्या भांडीघरात झाली. पहिल्याच दिवशी आचारी म्हणाला, "बाबूजी, सेव का साँचा देना. वो सोऱ्या."

नीळकंठरावांनी धुमसत सगळी फडताळं उचकली, दोन पातेली पायावर पाडून घेतली आणि शेवटी ठामपणे त्याच्या हातात किसणी ठेवली.