शिंत्रेकाका आणि मार्गारेटचा थॉमस

अमेरिकेत पार्सिपनीला आम्ही घर घेतलं तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा आधी किचन बघायचा. शिंत्रेकाकांनी किचनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते थेट मागच्या अंगणात गेले, टाचेला चवडा लावत कुंपणापर्यंत चालले, तसेच परत आले आणि मी पुढे केलेला चहा न घेताच म्हणाले, "पोरी, शेजारणीनं तुझी नऊ इंच जमीन खाल्ली."

शिंत्रेकाका म्हणजे माझी मैत्रीण अनघा हिचे वडील. उभी हयात मोजणी खात्यात गेलेली. सातारा, सांगली, कोल्हापूर, जिथं बदली होईल तिथं लोकांच्या बांधावर उभं राहून भावाभावांची भांडणं ऐकायची. काकू गेल्यावर ते इथं लेकीकडे, आमच्या मागच्याच गल्लीत, राहायला आले, पण खातं काही सुटलं नाही. मॉलमध्ये नेलं तर विचारायचे, "आधी हे कुणाचं शेत होतं?" देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा तोंडात देवाचं नाव नाही, पावलांचा हिशेब.

मी नऊ इंचांचं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी माझा ऑफिसचा कॉल चालू होता. सहज खिडकीबाहेर पाहिलं, तर काका शेजारच्या मार्गारेटच्या दारात! हेडसेट टाकून धावले, पण उशीर झाला होता.

"मॅडम, युवर फेन्स, नाइन इंच इन्साइड. एन्क्रोचमेंट!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐंशी वर्षांची बाई, एकटी राहणारी. ती आता पोलिसांना बोलावणार की वकिलाला, एवढंच ठरायचं होतं. मार्गारेटनं काकांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "तुम्हाला जमिनीचे जुने कागद वाचता येतात का?"

तिच्या घराण्याचा मूळ पुरुष थॉमस. इंग्रजांच्या राज्यात, वसाहतीच्या सुरुवातीला, जहाजानं एकटाच इथं आला. जंगल तोडलं, हॅनाशी लग्न केलं, अकरा मुलं झाली. ही गोष्ट त्यांच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला जेवणाआधी सांगितली जाते. मार्गारेटला मरायच्या आत थॉमसची नेमकी जमीन शोधायची होती.

काकांना जणू पुन्हा ऑर्डर निघाली. दर शुक्रवारी मी सुट्टी टाकून दोघांना सरकारी दप्तरखान्यात ड्राइव्ह करून न्यायचे. पहिलंच खरेदीखत वाचून काका खुर्चीतून उठले. "पांढऱ्या ओकच्या झाडापासून ओढ्याच्या काठानं उत्तरेला बारा साखळ्या... अगं, ही तर चतुःसीमा! यांची साखळी सहासष्ट फुटी, आमची तेहतीस. बाकी सगळं तेच!" ते जुनं वळणदार अक्षर तिथल्या बाईंनाही लागेना. काका म्हणाले, "मोडी वाचलेल्या माणसाला हे काय!" मग शेवटच्या एका शुक्रवारी त्यांनी एका कागदाची कॉपी काढून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, दमले असतील.

थँक्सगिव्हिंगला मार्गारेटनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. तिचा मुलगा ब्रायनही आला होता. थॉमसची गोष्ट झाली, टाळ्या झाल्या, आणि काकांनी ती घडी माझ्या हातात दिली. "तू वाच. माझं इंग्लिश पुरणार नाही."

मी हसत हसत वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला हसू गेलं. इंग्लंडात राहणारी ॲलिस, सदर थॉमसची लग्नाची बायको. नवरा घरातून गेल्याला बावीस वर्षं झाली. तो इतकी वर्षं जिवंत होता, हे तिला तो मेल्यावर कळलं. त्याच्या इथल्या जमिनीवरचा आपला हक्क ती सोडून देत आहे. खाली सहीच्या जागी फुली.

माझे कान तापले. भरल्या ताटावर माणसानं असला कागद काढावा?

"काहीतरी चूक असेल," ब्रायन म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"पेपर नो मिस्टेक," काका खाली मान घालून म्हणाले.

मार्गारेटनं विचारलं, "हे सापडल्यावर तुम्ही गप्प बसू शकला असता. का नाही बसलात?"

काका मराठीतच बोलले. "तिला सांग, माझा थोरला भाऊ, वसंता, वडिलांशी भांडून घरातनं गेला. बेचाळीस वर्षं झाली. त्याचा एखादा कागद कुणाला सापडला, तर त्यानं मला सांगावं. वाईट असला तरी सांगावं. त्या बाईला बावीस वर्षं कुणी सांगितलं नाही."

मी इंग्लिशमध्ये सांगायला लागले आणि मध्येच वळून काकांकडे पाहिलं. इतकी वर्षं मी अनघाच्या घरी जातेय. तिला एक सख्खा काका आहे, हे मला माहीत नव्हतं.

मार्गारेट उठली. घराण्याची नावं लिहिलेलं जुनं बायबल घेऊन आली आणि थॉमसच्या शेजारी, हॅनाच्या वर, लिहिलं: ॲलिस. ब्रायननं काकांच्या ताटात बटाटे वाढले.

घरी चालत येताना मी विचारलं, "अनघाला ठाऊक आहे?"

"नाही. घरात त्याचं नाव काढायचं नाही, हा वडिलांचा दंडक. पण मी शोधत होतो. बदली झाली की पहिल्याच दिवशी गावोगावच्या खातेदारांच्या याद्या काढायचो. वाटायचं, कुठंतरी गुंठाभर तरी घेतला असंल."

"मग? सापडलं कधी?"

"एकदा. शिराळ्याकडं. नाव तेच, बापाचं नावही तेच. रजा टाकली, दोन एसट्या बदलून गेलो. दार उघडलं, तर दुसराच माणूस."

"मग काय केलंत?"

"म्हणालो, मोजणीला आलोय. त्यानं पाणी दिलं, जेवायला वाढलं. निघताना मी वाकून पाया पडलो, 'येतो, दादा' म्हणालो. त्यानं काही विचारलं नाही गं. पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, 'सावकाश जा.'"