खात्री किती टक्के?

माझी चूक झाली तर मी ती चारचौघांत कबूल करीन, अशी माझी ख्याती आहे. गेल्या तीन वर्षांत तसा प्रसंगच आला नाही, त्याला मी काय करू?

आमचा ऑनलाइन गट आहे, ‘पुरावा असेल तर बोला’. सभासद अकराशे, चालक मी! जो आपली चूक जाहीर कबूल करतो, त्याच्या नावापुढे आम्ही सोनेरी पीस लावतो. मी आजवर कितीतरी जणांना पिसं वाटली. माझ्या नावापुढे मात्र एकही नाही, आणि त्यावरून हल्ली कुजबूज सुरू झाली होती.

त्या रविवारी दुपारी मुलगी नुकतीच आतल्या खोलीत झोपली होती.

“अहो, गॅसचा वास येतोय!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

मी गेलो. छाती भरून श्वास घेतला. वास? छे!

“किती टक्के खात्री?”

“शंभर!”

“शंभर टक्के खात्री असणारा माणूस विचार करत नसतो.”

एवढ्यात सासूबाई आल्या. “मलाही येतोय हो, जावईबापू.”

“लेकीने सांगितल्यावर आला! दोघींची साक्ष एकच धरली जाईल.”

बायको रेग्युलेटर बंद करायला वाकली. मी सिलिंडरला मिठीच मारली. “हात लावू नकोस! पुरावा नष्ट होईल!” तिने खिडकी उघडली, ती मी लावून घेतली. वाऱ्याने निष्कर्ष बिघडतात!

मी गटात मतदान लावलं. पाच मिनिटांत एक्केचाळीस मतं आली, त्यातली अडतीस ‘भास’! मला स्फुरण चढलं. ‘आता प्रयोगानेच सिद्ध करतो,’ असं लिहून मी शेगडीवर दुधाचं पातेलं ठेवलं आणि लायटर उचलला.

“मुलगी आत झोपलीय,” बायको म्हणाली. अगदी हळू. नऊ वर्षांच्या संसारात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझा अंगठा खटक्यावर थांबला, पण हात काही खाली येईना. तिकडे अकराशे लोक निकालाची वाट बघत होते!

 सासूबाईंनी वाटीत साबणाचा फेस केला आणि नळीच्या जोडावर ओतला. फुर्र! द्राक्षाएवढाले बुडबुडे!

बायकोने माझ्या हातातला लायटर हिसकावला, रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली आणि मुलीला उचलून अंगणात धावली.  मी तिथेच फरशीवर बसलो.

“मागच्या तापापासून तुमचं नाक गेलंय, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “परवा नासलेलं दूध मिटक्या मारत प्यालात! सांगितलं, तर म्हणालात, एका दुधावरून निष्कर्ष काढू नका.”

मेकॅनिक आला. नळी बदलता बदलता त्याने विचारलं, “एवढा वास सुटला असणार, कुणाला आला नाही?” मी छताकडे पाहिलं.

संध्याकाळी मी गटात जाहीर केलं, ‘मी चुकलो!’ तीनशे अभिनंदनं आली! ‘इतक्या धैर्याने मत बदलणारा विरळाच!’ सोनेरी पीस मिळालं! मी फोन घेऊन घरभर हिंडत होतो. बायकोने पोस्ट वाचली.

“‘प्रयोगाअंती माझ्या लक्षात आलं.’ कुणाच्या प्रयोगाअंती?”

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली. “जावईबापू, दूध करपल्याचा वास येतोय का हो?”

सुधारल्याचं दाखवायची हीच वेळ! मी जोरात श्वास ओढला. काही म्हणजे काही कळेना. पण आता पुन्हा तीच चूक? छट्!

“येतोय! चांगलाच येतोय! शंभर टक्के!”

सासूबाई दारात आल्या. हातात घासलेलं, कोरडं पातेलं होतं.

“शेगडी पेटवलीच नाहीये अजून,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, जरा तपासून बघावं.”

ही दुसरी चूक अजून गटात कळवलेली नाही. पुरावे गोळा करणं चालू आहे.