दिघे सरांचं बोटांचं औषध

दिघे सर नमस्कार करत नाहीत, हात बघतात. भविष्यासाठी नव्हे. आपण हात जोडले की त्यातला एक ते ओढून घेतात, एकेक बोट दाबून पाहतात आणि जाहीर करतात, "अनामिका आळशी आहे!" आमच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्या एका साहेबांचा हात त्यांनी असाच जिन्यात धरला. साहेब घाबरून म्हणाले, "शुगर आहे मला, पण कंट्रोलमध्ये आहे."

सर मुंबईतल्या एका शाळेत पियानो शिकवायचे. निवृत्त झाल्यावर भिसेगावात आले ते पियानोसकट. पावसाळ्यात दमट हवेनं पट्ट्या फुगू नयेत म्हणून त्याच्या पोटात ते बारीक बल्ब पेटवून ठेवतात. स्वतःच्या खोलीतला बल्ब गेला तर आठवडाभर अंधारात चाचपडतील, पण पियानोला उजेड पाहिजे.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती आमच्या मुख्याध्यापिकांमुळे. मी शिकवते त्या शाळेला कुणीतरी कीबोर्ड भेट दिला. "तुम्ही लहानपणी पेटी वाजवायचात ना? मग सकाळची प्रार्थना तुमच्याकडे," असं म्हणून बाई मोकळ्या झाल्या. आता पेटीत उजवा हात वाजवतो आणि डावा भाता हलवतो. कीबोर्डला भाता नाही. माझा डावा हात सगळ्या शाळेसमोर हवेतच भाता हलवत राहिला आणि पोरं प्रार्थना सोडून त्याच्याकडे बघत बसली.

शेजारी राहणाऱ्या सरांकडे मी त्याच संध्याकाळी गेले. त्यांनी डावा हात तपासला.

"बाई, याला जन्मभर हवा भरायची सवय. आपल्याला बोटं आहेत हे याच्या गावीच नाही. औषध देतो."

सर व्यायामाला औषध म्हणतात. पहिलं औषध असं, की चार बोटांनी चार पट्ट्या दाबून धरायच्या आणि अनामिका एकटीच उचलायची. माझी अनामिका हलेना, खांदा मात्र कानापर्यंत गेला. सर खोलीभर येरझारा घालत होते. खिडकीशी जायचे, परत यायचे, चष्मा काढायचे, घालायचे. दुसऱ्या दिवशी माझ्या कुकरच्या शिट्ट्या चालू असताना दारात हजर.

"कालचं तुम्हाला उष्ण पडलं. औषध बदलू!"

"सर, कणीक मळतेय."

"कोणत्या हातानं?"

"उजव्या."

"डाव्यानं मळा!" म्हणून गेलेसुद्धा.

मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून हात एकमेकांपासून लांब न्यायचे आणि तसेच परत आणायचे, असं औषध आलं. उजव्याचं जे बोट, तेच डाव्याचं. ते मला मानवलं. डावा उजव्याची नक्कल करू लागला. पण सरांना चैन कुठली? संध्याकाळी स्टेशनजवळ भाजी घेताना पाठीमागून आवाज आला, "सापडलं! मनगट! मनगट ताठ आहे तुमचं." मग त्यांनी माझा हात धरून हातगाडीवर ठेवला आणि बोटं एकेक करून खाली टेकवायला लावली.

भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ओ सर, वांगी हायेत ती, बाजा नाय."

"मावशी, तुमची करंगळी काय सुरेख आहे हो!"

"गिऱ्हाईक हाय माझ्यासमोर. जा तुमी."

अशा ओढाताणीत का होईना, माझा डावा हात माणसात आला. एका सकाळी प्रार्थना सुरू झाली, संपली, आणि एकही पोर माझ्याकडे वळून बघत नव्हतं. याहून मोठी दाद नाही. मी पळतच सरांना सांगायला गेले.

सर आनंदले. मग लगेच खिडकीशी गेले. "हो, शाळेपुरतं ठीक आहे. पण डावा अजून कच्चा वाटतो. जुनंच औषध पुन्हा सुरू करू."

पुन्हा तेच अनामिका उचलणं. मी म्हणावं, "सर, एखादी धून द्या की." ते म्हणायचे, "अजून नाही." मला राग येऊ लागला. मी ढ आहे, की हे मला ढ ठेवताहेत, काही कळेना.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. केतकी तिचं नाव. खालापूरची मुलगी, सर भिसेगावात आल्यावर त्यांच्याकडे शिकायला यायची, आता पुण्यात पियानो शिकवते. सर चहा करायला आत गेले तेव्हा मी व्यायाम वाजवत होते. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"काकू, हा व्यायाम तुम्हाला कशाला? हात छान सुटलाय तुमचा."

"सर म्हणतात, कच्चा आहे."

ती हसली. "मलाही म्हणायचे. पुढचं मागितलं की मागचंच द्यायचे. शेवटी मी पुण्याला क्लास लावला. आमच्या बॅचचे सगळे तसेच गेले."

मी मान वर केली. सर ट्रे घेऊन दारात उभे होते. चहा बशीत सांडला होता.

केतकीनं चहा घेतला, फराळाचा डबा ठेवला, वाकून नमस्कार केला आणि निघाली. सर तिला फाटकापर्यंत सोडून आले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"बरी झालेली माणसं डॉक्टरकडे कशाला येतील, बाई?" ते म्हणाले. "हात तयार झाला की माणूस जातो. जायलाच हवं. पण मग घरात आवाजच राहत नाही."

त्यांनी कपाटातून एक धून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "ही घ्या. शाळेतल्या कीबोर्डवर बसवा. तुमच्या हाताला आता काही झालेलं नाही."

मी कागद बघितला. सोपी नव्हती, पण जमली असती. राग कधीच ओसरला होता.

"सर, दोघांनी मिळून एकाच पियानोवर वाजवायचं असं काही असतं का हो?"

"असतं की! चार हातांचं असतं." ते पुन्हा कपाटाकडे वळले, मग थांबले. "पण बाई, ते तिथं एकट्यानं नाही बसवता येत. इथं यावं लागेल. रोज."

"येईन की," मी म्हटलं.

सर माझ्याकडे पाठ करून बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत राहिले.