गजाकाकांचा हलता कॅमेरा

ताईच्या लग्नाची कॅसेट आम्ही पहिल्यांदा लावली तेव्हा आई किंचाळलीच. ताईनं भावजींना हार घातला आणि त्याच क्षणी अख्खा मांडव भूकंप झाल्यासारखा हादरला. मग तोच हार आणखी दोनदा पडला, अगदी सावकाश. भावजींची मान मोडली की काय असं वाटावं.

"हे काय केलंत?" बाबांनी विचारलं.

"इम्पॅक्ट!" शूटिंगवाले गजाकाका अभिमानानं म्हणाले.

गजाकाका म्हात्रे मूळ जूचंद्र गावातलेच. आमच्या बिल्डिंगमागेच त्यांचं घर. लग्नाबारशांचं शूटिंग करायचे, पण जीव अडकलेला केबलवरच्या फॉरेनच्या कुस्तीत.

"पैलवान काय बघतो? कॅमेरा बघ," ते मला म्हणायचे. "बुक्की लागलेलीच नाय! हलवनारा हलवतो नि बघनारा मरतो."

स्वतःचा कॅमेरा ते तान्ह्या पोरासारखा सांभाळायचे. पाऊस आला की छत्री कॅमेऱ्यावर, काका ओलेचिंब. लग्न केलं नव्हतं. शेजारीच थोरल्या भावाचं, नामदेवदादांचं घर. अंगणाच्या वाटणीवरून दोघं भांडले, मध्ये पत्रे ठोकले आणि बोलणं बंद झालं. भावाचा विषय निघाला की काका लेन्स पुसायला घ्यायचे.

एकदा आमच्या केबलवाल्यानं गावच्या मैदानात 'फॉरेन स्टाईल' कुस्ती ठेवली. घरोघरी लाइव्ह दिसणार! बांबूंची रिंग, आत गाद्या. कॅमेऱ्यावर अर्थात गजाकाका. आम्ही दुपारी जेवून टीव्हीसमोर बसलो, तर रिंगमध्ये साक्षात नामदेवदादा! जुने पैलवान म्हणून केबलवाल्यानं गळ घातलेली. पन्नाशीचा माणूस, अंगावर चकचकीत निळी चड्डी. आईनं तोंडाला पदर लावला.

काकांनी काम मात्र झकास केलं. दादा आपटले की टीव्ही गदागदा हलायचा. "मेला, मेला!" आजी ओरडायची. मी तिला समजावत होतो, "अगं, लागत नाही त्यांना."

तेवढ्यात समोरच्यानं दादांना उचलून फेकलं. कडाड असा आवाज झाला, बांबू मोडला आणि दादा रिंगबाहेर जमिनीवर गेले. कॅमेरा हलला. मग थांबला. दादा उठले नाहीत.

एकदम चित्र उलटंपालटं झालं. आकाश, कुणाचे तरी पाय, आणि शेवटी आडवं पडलेलं गवत. काकांनी कॅमेरा टाकून दिला होता! चित्र तसंच राहिलं, आवाज मात्र स्पष्ट येत होता.

"दादा! ए दादा! डोले उघड ना रे!" काका लहान पोरासारखे रडत होते. "पानी आना कोनीतरी! दादा, मी काढतो ते पत्रे. आजच काढतो. तू बोल फक्त."

आजी देवाचं नाव घेऊ लागली. बराच वेळ नुसतं गवत हलत होतं.

मग एक जड, खरखरीत आवाज आला. "रडतो कशाला येड्या? खांदा गेलाय, मी नाय गेलो. तुजा कॅमेरा परलाय तिकडं, उचल तो."

"मरू दे कॅमेरा," काका हुंदके देत म्हणाले.

त्यानंतर पडद्यावर कितीतरी वेळ गवतच दिसत होतं. आमच्या घरात चॅनल कुणीच बदललं नाही.