गॅसच्या गाडीची धून

अख्ख्या अम्मानमध्ये चांगला आवाज ओळखणारे कान दोनच, आणि ते दोन्ही माझ्याच डोक्याला आहेत! बायकोला, रुबाला, हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय. तिला काही पटत नाही. कारण बैठकीच्या खोलीतला सोफा हलवून तिथे मी दोन उंच स्पीकर उभे केलेत, आणि तिची आई आली की तिला लाकडी खुर्चीवर बसावं लागतं.

त्यात गेल्या महिन्यात मी पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक आणला. त्याच्यावर बसवायला डॅक, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचं गाणं करून स्पीकरला देणारं कार्ड. काय तो आवाज! गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू यायचा! पडद्यावर गाण्याचं नाव दिसावं म्हणून एक वायर टीव्हीलाही जोडली.

"शुक्रवारी आई जेवायला येतेय," रुबा म्हणाली. "तोवर या खोक्याचा काहीतरी उपयोग दाखव. नाहीतर तुझे स्पीकर गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी!"

"दाखवतो! सिलिंडर विकत गल्लोगल्ली फिरणाऱ्या गॅसच्या गाडीची धून मी टिपून ठेवलीय. ती लावतो. तुझ्या आईला खरी गाडी वाटली तर स्पीकर इथेच राहणार!"

"कबूल. आईला तीन गल्ल्यांपलीकडची गाडी ओळखू येते."

शुक्रवारी नमाज आटोपून आलो, तर सासूबाई मकलूबा रांधत होत्या. भलंमोठं पातेलं, खाली कोंबडी, मग वांगी, वर तांदूळ; शिजलं की सगळं परातीत उपडं करायचं. मी हळूच मोबाइलवरून त्या संगणकावर धून सुरू केली. जरा बारीक वाटली, म्हणून आवाज पार वर चढवला.

"गॅस!" सासूबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. "अरे मुतसिम, बघतोस काय? सिलिंडर संपत आलाय! पळ!" आणि बाल्कनीतून गल्लीभर हाक, "ए गॅसवाल्या, थांब रे बाबा!"

मी जिंकलो होतो! पण त्या हाकेनं गल्ली खडबडून उठली. तळमजल्यावरचे अबू गस्सान पायजम्यावरच सिलिंडर लोळवत निघाले. समोरच्या उम्म लैथ दोन घेऊन आल्या. पाच मिनिटांत रस्त्यावर नऊ सिलिंडर, आणि गाडीचा पत्ता नाही!

"आवाज तर इथेच येतोय! गाडी कुठे मेली?" अबू गस्सान ओरडले.

गप्प बसावं ना माणसानं? पण मला कुठलं राहवतंय! "काका, मीच लावलीय! हुबेहूब वाटली ना?"

यावर अबू गस्सान जे बोलले, ते नुकतीच नमाज पढून आलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं. मी धून बंद केली. शिव्या घालत सगळे आपापले सिलिंडर घेऊन घरात परतले.

दहा मिनिटांनी पुन्हा धून!

"मुतसिम, पुरे कर!" खालून चार-पाच आवाज आले.

"बंद कर रे मेल्या!" सासूबाईंनी झारा उगारला.

"खाला, देवाशप्पथ, मी नाही लावली!"

कोण विश्वास ठेवतो? मी चपला शोधेपर्यंत खरीखुरी गाडी गिऱ्हाईक नाही म्हणून कोपऱ्यावरून वळली. पाठोपाठ शेगडी विझली. सासूबाईंनी तरीही पातेलं परातीत उपडं केलं. कच्चे तांदूळ खोलीभर पळाले.

"पण पैज जिंकलो की नाही?" मी रुबाला म्हटलं. "आई फसली, गल्ली फसली! ऐक पुन्हा एकदा." आणि लावली धून.

रुबानं हात टेकले. "जिंकलास बाबा. राहू देत तुझे स्पीकर. पण माझं डोकं उठलंय, निदान हा टीव्ही तरी बंद करते."

तिनं रिमोट दाबला. टीव्ही बंद झाला. धूनही बंद झाली!

मोबाइलच्या पडद्यावर तर धून सुरूच दिसत होती. घाम पुसत मी सेटिंग उघडलं. आवाज पहिल्या दिवसापासून टीव्हीतून येत होता. माझ्या डॅककडे एक सूरही गेला नव्हता!

"मग हे दोघे महिनाभर करत काय होते?" सासूबाईंनी स्पीकरकडे बोट दाखवलं.

"ऐकत होते," रुबा म्हणाली.

सोफा जागेवर आला. सासूबाई आता त्यावर ऐसपैस बसतात. मी गच्चीवर टाकीशेजारी बसतो. सेटिंग बरोबर केलंय, गाणी आता डॅकमधूनच येतात. आणि रुबाला सांगू नका, पण टीव्हीपेक्षा यात फरक काय पडला, ते मला अजून कळलेलं नाही!